खेळणाऱ्या मुलांचे मन कणखर कसे होते?



सोयाबीनला शेंगा धरू लागतात, फवारणीची घाई असते, आभाळाचा भरवसा नसतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांच्या क्रीडास्पर्धा येतात. आधी होबळीच्या, मग भालकीला तालुक्याच्या, आणि त्यातून पुढे गेलेल्यांसाठी बीदरला जिल्ह्याच्या. शेतात एक माणूस कमी पडत असतो आणि घरातली पोर म्हणते, "मला खो-खोला जायचंय." खटकचिंचोळीच्या पंचक्रोशीत हा प्रसंग घरोघर घडतो. ह्या पानावर आपण पिकांविषयी आणि आजारांविषयी वाचता. आज आम्ही खेळणाऱ्या मुलामुलींच्या मनाविषयी लिहीत आहोत. तोही आरोग्याचाच विषय आहे, आणि थोडासा शेतीचाही आहे, हे पुढे ध्यानात येईल.

निमित्त असे झाले. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगी आठवीत शिकते. नाव देण्याचे कारण नाही. अंगाने काटक, पायाने चपळ. शाळेच्या खो-खो संघात तिला संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत घेतले होते. तालुक्याच्या सामन्यात ती मैदानात शिरली आणि काही क्षणांतच बाद झाली. संघ एका गुणाने हरला. परतीच्या टेम्पोत एका मोठ्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "हिच्यामुळं हरलाव आपण." घरी आल्यावर आजी म्हणाली, "बरं झालं. आता तरी शेतात चल."

त्यानंतर पोरीचे पोट दुखू लागले. तिचे वडील आम्हांला बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "काय कळंना बघा. रोज दुखत न्हाई. मैदानाचं नाव काढलं की लई दुखायलंय." आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी पोट तपासले, पोटात काही नव्हते. त्यांनी पोरीला दोन गोष्टी निवांत विचारल्या आणि रक्त तपासायला सांगितले. रक्त कमी निघाले. मन खचलेले होते, ते तर तपासल्याशिवायच दिसत होते.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी ही मुलगी आम्हांला वाटेत भेटली होती. तोंड उतरलेले होते. आम्ही काय म्हणालो? "अगं, घाबरतेस काय? वाघिणीसारखी खेळ!" आणि पाठीवर थाप मारून आम्ही पुढे गेलो. आम्हांला वाटले, आम्ही तिला धीर दिला. आता विचार करता वाटते की आम्ही तिला काहीच दिले नाही. उलट भीती वाटणे हीच चूक आहे असे तिला सांगून आलो.

मिरचीचे किंवा टोमॅटोचे रोप आपण वाफ्यातून एकदम रानात लावत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लावणीच्या आधी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करतो, सावली काढतो, युरिया देत नाही. रोप थोडे ताणले जाते, खोड जाड होते, मग रानातले ऊन त्याला सोसते. पण हाच ताण एकदम दिला, पाणी पार तोडले, तर रोप कणखर होत नाही. खुरटते किंवा मरते. ज्या वाफ्याला आधी खत-पाणी नीट मिळालेले असते त्याच वाफ्याला ताण मानवतो. आमचे सांगणे एवढेच आहे की मुलांच्या मनाचे असेच असते. त्यांना ताण द्यावाच लागतो, पण तो थोडा थोडा, पोटभर खाऊ घालून, आणि शेजारी कोणी तरी उभे राहून. "पोराला कडक केले पाहिजे" म्हणून जे लोक पोराला नुसते ओरडतात, मारतात, चारचौघांत लाजवतात, ते पाणी तोडतात आणि रोप वाळले की रोपालाच नावे ठेवतात.

हे आम्ही हवेत बोलत नाही. आपल्या सरहद्दीपासून फार लांब नसलेल्या मुलामुलींची उदाहरणे आहेत.

लातूर ओलांडून पश्चिमेला गेले की धाराशिव लागते. कालपरवापर्यंत आपण त्याला उस्मानाबाद म्हणत होतो. तेथील सारिका काळे हे नाव खो-खो खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक असावे. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ती खो-खोकडे वळली. घरची स्थिती अशी की वडिलांना प्रकृतीमुळे फारशी कमाई करता येत नव्हती, आई शिवणकाम करी, आणि कुटुंबाचा भार आजी-आजोबांच्या मिळकतीवर होता. सुमारे दहा वर्षे त्या घराने एक वेळच्या जेवणावर दिवस काढले, असे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. नीट जेवण मिळे ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. आपण नुसते कल्पून पाहावे: पाठलाग, बसणे-उठणे, खांबाला वळसे, आणि पोटात एक वेळची भाकरी.

२०१६ साली ती खचली. खेळ सोडून द्यायचा असे तिने ठरवले होते. घरी लग्नाचे बोलणे चालले होते. तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव ह्यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परत आली. ह्याच २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा संघाची कर्णधार सारिका होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी ती तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी करीत होती.

ही गोष्ट सांगताना लोक बहुतेक सुवर्णपदकावर थांबतात. आम्हांला त्यातील खोलीचे बंद दार महत्त्वाचे वाटते. देशाची कर्णधार होण्याइतकी तयार मुलगी, तिचेही मन मोडू शकते. म्हणजे मन मोडणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. आणि दुसरे असे की ते मन मोडण्याचे कारण मैदानावर नव्हते. ते चुलीपाशी होते, पैशापाशी होते, लग्नाच्या बोलण्यात होते. प्रशिक्षकाने तिला शिट्टी मारून पळायला लावले असते तर काय साधले असते? ती पोर का थांबली हे त्याला ठाऊक होते, म्हणून ती परत येऊ शकली. आपल्याकडे मुलगी सरावाला येईनाशी झाली की आपण म्हणतो, "तिला आवडच नाही." तिच्या घरी जाऊन उंबऱ्यावर बसून विचारणारे किती जण आहेत?

असो. आता मैदानाकडे वळू.

मुलाला सामन्याआधी छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार होतात, पोटात कळ येते, लघवीला सारखे जावेसे वाटते. हे सर्व खरे असते; सोंग नव्हे. संकट समोर दिसले की शरीर अॅड्रेनालिन नावाचा रस रक्तात सोडते, हृदय जोरात चालते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे जाते. थोडक्यात, शरीर पळण्याची तयारी करते. मुलाला हे साध्या शब्दांत सांगून ठेवावे: "छाती धडधडते म्हणजे तुझे अंग तयार होत आहे. मोठमोठ्या खेळाडूंचीही धडधडते." एवढे कळले तरी निम्मी भीती उतरते, कारण भीतीपेक्षा भीतीची भीती मोठी असते. मग त्याला श्वास शिकवावा. चार आकडे मोजेपर्यंत नाकाने आत, सहा आकडे मोजेपर्यंत हळू बाहेर, असे पाच वेळा. श्वास बाहेर लांबला की हृदयाची गती खाली येते. हे सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करू नये; रोज सरावाच्या आधी करावे, म्हणजे त्या दिवशी आठवते.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील स्वप्नील कुसाळे हा नेमबाज, रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो पुढे असताना अखेरच्या टप्प्यात एक नेम बिघडला आणि तो चौथा आला. पदक गेले. दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती ह्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. आधीच्या दोन स्थितींत तो पदकाच्या बाहेरच होता. उभ्याने नेम धरण्याच्या शेवटच्या स्थितीत वर सरकला. सामना चालू असताना आपण गुणफलकाकडे पाहत नव्हतो, आपल्या श्वासाकडे लक्ष ठेवून होतो, अशा अर्थाचे त्याने नंतर सांगितले. त्या दिवशी पोटात चहाखेरीज काही नव्हते असेही तो म्हणाला. ते मात्र आमच्या मुलांनी उचलू नये!

गुणफलकाकडे न पाहणे ह्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. "जिंकायचेच" असे मुलाला सांगितले तर त्याच्या हातात काय येते? जिंकणे हे समोरच्या संघावर, पंचावर, मैदानाच्या ओलीवरही अवलंबून असते. त्याऐवजी त्याच्या हातात राहील असे काम द्यावे. खो-खोतील संरक्षक मुलीला सांगावे: "पहिला मिनिट फक्त पाठलाग करणारीच्या खांद्याकडे बघ." कारण एकदा दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही, तिचे खांदे कुठे वळले हे जिला दिसते तिला पुढची चाल आधी कळते. धावणाऱ्याला सांगावे: "पहिला फेरा तुझ्या वेगाने, दुसऱ्याच्या नव्हे." काम लहान असले तर मन त्याला धरून राहते. मोठे शब्द धरायला काहीच नसते.

सामन्याचा ताण सरावातच थोडा थोडा द्यावा. कधी सर्वांत दमल्यावर शेवटचा डाव खेळवावा. कधी वर्गातल्या पोरांना कडेला उभे करून हवा तेवढा गोंधळ घालू द्यावा. कधी गुरुजींनी मुद्दाम चुकीचा निर्णय द्यावा आणि मुले काय करतात ते पाहावे. मग हसून खरे सांगावे. आमच्या सीमाभागात आणखी एक ताण आहे, तो बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या घरात मराठी, शाळेत किंवा कचेरीत कन्नड. मराठीच बोलत वाढलेले मूल बीदरला किंवा कलबुर्गीला मोठ्या मैदानावर गेले, तेथे पुकारा कन्नडमध्ये झाला, पंच कन्नडमध्ये बोलले, की ते आतून आखडते. कळले नाही तरी विचारत नाही, कारण विचारले तर हसतील असे वाटते. त्याचे उत्तर सोपे आहे. मैदानावर लागणारी पंधरावीस कन्नड वाक्ये सरावातच बोलवून घ्यावीत: माझा क्रमांक कधी, कोणत्या मैदानावर, मला दुखापत झाली आहे, मला पाणी हवे. हे एवढे तोंडात बसले की पोर मान वर करून उभे राहते. आम्ही हे पाहिले आहे.

आता कुस्ती. आपल्याकडे जत्रा म्हटली की फड आलाच, आणि कोवळ्या पोरांच्या कुस्त्या आधी लागतात. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे गाव आपल्यापासून काही फार दूर नाही. तेथील हरिश्चंद्र बिराजदार हे महाराष्ट्र केसरी झाले, रुस्तुम-ए-हिंद झाले. पण आमच्या विषयासाठी त्यांचे नाव घ्यायचे ते वस्ताद म्हणून. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. त्यांतला एक बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे. २०११ साली बिराजदार वारले. कोवळ्या मल्लाच्या आयुष्यात वस्ताद जाणे म्हणजे काय, हे तालमीत वाढलेल्यांनाच कळेल. पुढे राहुल काका पवार ह्यांच्या हाताखाली तयार झाला. तेही बिराजदारांचेच शिष्य आणि लातूरकडचेच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला राहुलला जाता आले नाही. पंचविशीच्या मल्लाला हा घाव लहान नव्हता. २०१८ च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना वाहिले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य.

सात वर्षांपूर्वी गेलेला माणूस पोराच्या आठवणीत अजून आखाड्याच्या कडेला उभा असतो. वस्तादाने नुसते डाव शिकवले असते तर असे झाले नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती तेव्हा नवी होती. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. आम्ही कोणाला घर गहाण टाकायला सांगत नाही. पण ज्या पोरासाठी कोणी तरी काही तरी पणाला लावले आहे, ते पोर वेगळ्या पायांनी चालते. आपल्याकडे ते पणाला लावणे म्हणजे बहुधा एक दिवसाची मजुरी असते.

कुस्तीच्या पोरांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. वजन उतरवण्यासाठी उपास, पाणी बंद, उन्हात घोंगडी पांघरून घाम काढणे, हे प्रकार वाढत्या वयात करू देऊ नका. अंगातले पाणी घटले की आधी डोके मंद होते. घाबरट वाटणारा पोरगा कधी कधी नुसता तहानलेला असतो. पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि सकाळच्या वजनात शंभर ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली, हे साऱ्या देशाने पाहिले. रात्रभर वजन उतरवण्याचे सर्व प्रयत्न करूनही ते झाले. मोठ्या, मुरलेल्या खेळाडूच्या मागे वैद्य आणि आहारतज्ज्ञ असताना ही गत. आपल्या पोरांच्या मागे कोण आहे?

अन्नाचे बोलतोच आहोत तर पूर्ण बोलू. देशातील २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींत आणि १०० मुलांपैकी ३१ जणांत रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे धाप लवकर, चक्कर, चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. असे मूल शेवटच्या डावात गळते आणि आपण म्हणतो, "हिच्यात जिद्द नाही." जिद्द आहे, रक्त नाही! शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी पोरींनी फेकू नये. जेवणानंतर घ्यावी म्हणजे मळमळ कमी होते. जेवणासोबत चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा वरणावर लिंबू पिळावे. तूर, मूग, उडीद आपल्याच रानात पिकतात. ते सगळे बाजारात घालून घरात पातळ आमटी करू नये. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जमल्यास अंडे किंवा दूध. सकाळच्या सरावाआधी निदान एक केळे किंवा अर्धी भाकर पोटात हवी. मुलींच्या पाळीच्या दिवसांबद्दल घरात आणि शाळेत मोकळे बोलावे. त्या दिवसांत खेळू नये असे शास्त्र नाही, पण त्रास होत असेल तर थांबू द्यावे आणि फार रक्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आणि झोप. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला धावणे, हे गणित जुळत नाही.

हरल्यानंतरचे पहिले काही तास फार नाजूक असतात. त्या वेळी मोठ्यांनी जिभेवर ताबा ठेवावा. आधी पाणी द्यावे, खायला घालावे, घरी न्यावे. चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी, आणि तीही मुलालाच विचारून: "तुला काय वाटलं, कुठं गडबडलं?" मूल स्वतःच तीन गोष्टी सांगते, त्यांतली एक सुधारायला घ्यावी. शाबासकीही नेमकी द्यावी. "छान खेळलास" ह्यातून मुलाला काही कळत नाही. "पडल्यावर तू लगेच उठलास, ते मला आवडलं" ह्यातून कळते की उठणे हे मोलाचे आहे. एक साधी वही घालून द्यावी, त्यात रोज सरावातली एक जमलेली गोष्ट लिहावी. सामन्याच्या आदल्या रात्री ती वही चाळली की आत्मविश्वास कुणाकडून उसना घ्यावा लागत नाही.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जाई. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, धावण्याकडे तर २०१५ साली, वयाच्या विशीनंतर वळला. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत गर्दीत त्याला अडखळावे लागले. तरी त्याने शर्यत सोडली नाही. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडून ती पुरी केली. भारताने दाद मागितली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले गेले. तेथे तो तेरावा आला, आणि वेळ पहिल्यापेक्षाही चांगली दिली. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आमच्या गावातील जे पालक मुलगा सातवीत जिल्ह्याला गेला नाही म्हणून बूट लपवून ठेवतात, त्यांनी ही वर्षे एकदा बोटांवर मोजावीत.

तरीही प्रत्येक वेळी "सोस, सोस" म्हणणे योग्य नव्हे. अमेरिकेची सिमोन बाइल्स ही जगातली सर्वांत मोठी जिम्नॅस्ट. टोकियोला तिचे मन आणि शरीर हवेत एकमेकांना साथ देईना, तेव्हा तिने बहुतेक प्रकारांतून माघार घेतली. पुष्कळांनी तिला नावे ठेवली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ नीट जेवत नसेल, झोपत नसेल, सवंगड्यांत मिसळत नसेल, जगून काय करायचे असे बोलू लागले असेल, तर ते खेळाचे प्रकरण राहिलेले नाही. डॉक्टरांकडे जावे. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. आणि कोणी प्रशिक्षक मुलाला मारत असेल, मुलीच्या अंगाला नको तसा हात लावत असेल, एकटीलाच थांबवून घेत असेल, तर "खेळात असं चालतंच" म्हणून गप्प बसू नये. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. शाळेत मुलाला मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे. मैदान हा शाळेचाच भाग आहे.

त्या आठवीतल्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही तिच्या घरी गेलो. आजीशी आधी बोललो, कारण घरात शब्द आजीचा चालतो. आजीचे म्हणणे खोटे नव्हते: सुनेला कंबरदुखी, शेतात माणूस मिळत नाही, पोरगी मैदानावर गेली तर निंदणी कोणी करायची? ह्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी आठवड्यातले तीन दिवस मैदान आणि रविवारी शेत असे ठरले. पोरीला आम्ही काही उपदेश केला नाही. वाघिणीचे जे बोललो होतो ते चुकले, एवढे म्हणालो. ती खाली बघून हसली. गोळ्या चालू झाल्या. गुरुजींनी तिला पहिल्या तुकडीतून काढून तिसऱ्या तुकडीत घातले, आणि पाठलागात जास्त खेळवू लागले. पहिल्या दोन आठवड्यांत पोट दोनदा दुखले. ती तरी आली, कडेला बसून राहिली, आणि तिला कोणी बोलले नाही.

गेल्या शनिवारी तिचे वडील पाठीवर पंप घेऊन आले. म्हणाले, "तुरीवर आळी दिसायलीय, उद्या मारावं म्हणतो. तुमच्याकडचा एखादा गडी मिळंल का? पोरीची मॅच हाय हलबर्ग्याला, म्या जाणार हाय बघायला."

आम्ही गडी दिला.